डाळ लवकर शिजवणारं पाणी: सालबर्डीच्या पायथ्याच्या एका बोअरचं प्रकरण

महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दी ओसरली आणि दोन दिवसांनी मोर्शी तालुक्यातून एका संत्रा बागायतदाराचा फोन आला. मी भूगर्भशास्त्र शिकवते आणि सुट्टीत भूजलाची कामं बघते, हे त्यांना त्यांच्या पुतण्याकडून कळलं होतं. तो आमच्याकडेच शिकायला होता. फोनवर काका एवढंच म्हणाले, "मॅडम, बोअरले पानी गरम येऊन रायलं. अन् बगीचा जयल्यासारखा दिसते. एक डाव येऊन पाहा न."

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात बोअरबद्दलचे फोन नवे नाहीत. संत्र्याने हा भाग उभा केला आणि संत्र्यानेच त्याचं भूजल उपसून काढलं. दोन्ही तालुके अतिशोषित गणले जातात. विहिरी आटल्या तशा बोअर आल्या, दोनशे फुटांच्या बोअर आटल्या तशा सहाशे-आठशे फुटांच्या आल्या. गरम पाण्याची तक्रार मात्र मी या बाजूने पहिल्यांदाच ऐकत होते. शेत सालबर्डीच्या खालच्या अंगाला आहे म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी निघाले. सालबर्डीला गरम पाण्याची कुंडं आहेत आणि ती तिथे का आहेत याचं कारण शेतांखालूनही जात असणार, हा विचार वाटभर डोक्यात होता.

शेतावरची परिस्थिती अशी होती. आदल्या मे महिन्यात काकांनी 760 फूट बोअर मारली. 180 फुटांवर थोडं पाणी लागलं, पाऊण इंच. त्यानंतर कोरडा काळा दगड. मशीनवाले थांबायला सांगत होते, काकांनी हिंमत केली. 700 फुटांच्या जरा आधी रॉड एकदम सैल गेला, पांढरा चूर वर आला आणि पाणी उसळलं. दोन इंचांच्या वर. घरात पेढे वाटले गेले. पाणी वर चढून जमिनीखाली नव्वद फुटांवर स्थिरावलं.

पावसाळा संपल्यावर हे पाणी ड्रिपने बागेला सुरू झालं. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, ताण (झाडांचं पाणी रोखणं) तोडतानाही हेच पाणी दिलं. फेब्रुवारीत पानांची टोकं तपकिरी होऊन वाळू लागली, कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, फुलगळ नेहमीपेक्षा जास्त झाली. कृषी केंद्रात दाखवल्यावर कोणी डिंक्या रोग म्हटलं, कोणी जस्ताची कमतरता. फवारण्या झाल्या, फरक पडला नाही. शेजारच्या शेतात, दोनशे पावलांवर, चुलतभावाची 600 फुटांची बोअर आहे. तिचं पाणी थंड, बाग हिरवीगार.

गावात दोन मतं होती. एक, खारपाण इकडे सरकला. दुसरं, देवाचं पाणी शेतात ओढलं म्हणून हे झालं.

खारपाणाचं आधी सांगते, कारण ती शंका वावगी नव्हती. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला पूर्णेच्या गाळाखाली खारं पाणी आहे हे वऱ्हाडातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण ते पाणी गाळात मुरलेलं, चवीला खारट. काकांच्या बोअरचं पाणी खारट नव्हतं. मी तळहातावर घेऊन चाखलं तर किंचित बुळबुळीत, सोडा टाकल्यासारखं लागलं आणि अगदी पुसटसा सडक्या अंड्याचा वास आला. आणि हे शेत गाळावर नाहीच, काळ्या दगडावर आहे.

खरा धागा स्वयंपाकघरात सापडला. चहा घेता घेता आजी, म्हणजे काकांच्या आई, सहज म्हणाल्या, "काही म्हन मायबाई, या पान्यानं दाळ कशी लोन्यावानी शिजते. पह्यलच्या विहिरीच्या पान्यात दोन दोन तास गॅस जयत होता." काकूंनी जोड दिली, साबणाला फेसही भरपूर येतो, कपडे लवकर निघतात.

मी कप खाली ठेवला. विदर्भातल्या काळ्या दगडाचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. तुरीची डाळ त्यात टणक राहते आणि साबण फुटतो. सातशे फूट काळ्या दगडातून आलेलं पाणी हलकं असेल तर त्याचा मुक्काम फक्त काळ्या दगडात झालेला नाही. आणि गरम, हलकं, बुळबुळीत पाणी एकत्र भेटलं की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न दात-हाडं बिघडवणाऱ्या फ्लोराइडचा पडतो. मी विचारलं, पिताही हेच का? हो, बोअर सुरू झाल्यापासून सगळे हेच पीत होते. आवडलं म्हणून.

त्याच दिवशी मी पिणं बंद करायला सांगितलं. अहवाल यायचा होता, पण थांबण्यात अर्थ नव्हता. आजींना हे पटवणं सोपं गेलं नाही. उकळून पिऊ, असं त्या म्हणाल्या. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्यात ते उलट घट्ट होतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण आपल्याकडे "पाणी उकळलं की शुद्ध" ही समजूत पक्की आहे आणि जंतूंपुरती ती बरोबरही आहे.

मग मापं घेतली. पंप सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पाणी साधं होतं, मग तापमान चढत गेलं आणि 38 अंशांवर थांबलं. शेजाऱ्याच्या बोअरचं 28 अंश. बादलीत पाणी धरलं की बारीक बुडबुडे सुटत. काकांनी बोअर मारताना निघालेल्या चुऱ्याची ढिगारी बांधावर तशीच ठेवली होती, हे आमचं मोठं नशीब. पुतण्याने ती चाळणीने धुतली. वरच्या थरांचा चूर काळा, मधूनमधून तांबडट. सर्वांत शेवटी निघालेल्या ढिगाऱ्यात मात्र काळ्याबरोबर गुलाबी आणि काचेसारखे पांढरे दाणे होते. गुलाबी म्हणजे फेल्डस्पार, काचेसारखा म्हणजे क्वार्ट्झ. ग्रॅनाइट जातीचा खडक. त्यातच घासून गुळगुळीत झालेले, हिरवट मुलाम्याचे तुकडे आणि पांढऱ्या शिरांचे कपचे. पांढऱ्या शिरेवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तसा तो फसफसला. कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियमचं खनिज.

इथे सालबर्डीचं भूगर्भ थोडं सांगायला हवं. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याला गाविलगडचा भ्रंश आहे. भ्रंश म्हणजे साधी भेग नव्हे. जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकले आहेत अशी फट. पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य अशी ती दूरवर जाते आणि डोंगर व मैदान यांची सरळसोट रेघ आपल्याला दिसते ती तिच्यामुळे. तिच्या दक्षिणेचा भाग खाली गेला, त्यावर पूर्णेचा गाळ साठला. उत्तरेचा भाग वर राहिला, म्हणून सालबर्डीच्या आसपास दख्खनच्या काळ्या दगडाखाली दडलेले जुने खडक उघडे पडले आहेत: खाली ग्रॅनाइट-नीस, त्यावर गोंडवानाचे वालुकाश्म, मग लामेटाचे थर. त्याच लामेटात डायनासोरची अंडी सापडली आहेत. मुलांना सालबर्डीला नेलं की त्यांना अंड्यांचं आकर्षण असतं, मला कुंडांचं.

कुंडाखाली आग नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण यात्रेत हे अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि काही पुस्तकी लोकांच्याही. काळा दगड लाव्ह्याचा आहे हे खरं, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच संपली. आपल्याकडच्या झऱ्यांची उष्णता साधी आहे: जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला ढोबळ 25 ते 30 अंश. सातपुड्याच्या माथ्यावर, चिखलदरा-बैतूलच्या बाजूला, पाऊस पडतो. चिखलदऱ्याची उंची सुमारे 1,100 मीटर आहे आणि पायथा त्याच्या कितीतरी खाली. वरच्या पाण्याचा दाब खालच्या पाण्याला ढकलतो. पाणी सांध्या-भेगांतून हळूहळू खोल उतरतं, तापतं, आणि वर यायला वाट सापडली की वर येतं.

वाट सापडली की! सगळं प्रकरण या तीन शब्दांत आहे. खोल जाणारं पाणी डोंगरभर असतं, पण गरम झरा मोजक्या जागी असतो, कारण गरम राहून वर येण्यासाठी फट उभी, सलग आणि पुरेशी रुंद लागते. फटीतून वाहणाऱ्या पाण्याचं गणित विलक्षण आहे: प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. फट दुप्पट रुंद झाली तर पाणी आठपट. पाचपट रुंद झाली तर सव्वाशेपट. केसाएवढ्या शंभर फटी जे वाहून नेत नाहीत ते एक मिलिमीटरची एक फट नेते. म्हणून एका शेतात दोन इंच पाणी आणि शेजारी धूळ, हे आपण नेहमी बघतो आणि पाणाड्याला श्रेय किंवा दोष देतो. अरुंद फटीतून रेंगाळत येणारं पाणी वाटेतच आपली उष्णता भिंतींना देऊन थंड होतं. रुंद फटीतून झपाट्याने आलेलं पाणी गरमपणा टिकवतं.

भ्रंशाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. दोन बाजू जिथे एकमेकांवर घासतात त्या गाभ्यात खडकाचं पीठ होतं, त्याची चिकणमाती बनते आणि तिच्यातून पाणी जवळजवळ जातच नाही. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मात्र खडक फुटून त्यात भेगांचं जाळं तयार झालेलं असतं. म्हणजे एकच भ्रंश आडवा बांध असतो आणि उभा पाटही. पाणी त्याला ओलांडू शकत नाही, त्याच्या कडेने चढू शकतं. आडव्या दिशेच्या भेगा जिथे त्याला कापतात तिथे वाट आणखी मोकळी होते. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातले उनपदेव, सुनपदेव, नाझरदेव सातपुड्याच्याच पायथ्याला ओळीने का आहेत आणि कोकणातले गरम झरे घाटाला समांतर माळेसारखे का दिसतात, याचं उत्तर त्या त्या भागातल्या फटींच्या दिशांत आहे. आपल्या देशात असे तीनशेहून अधिक झरे नोंदले आहेत. पैनगंगेच्या काठचं उनकेश्वर पलीकडे नांदेड जिल्ह्यात पडतं, पण यवतमाळच्या माणसाला ते आपलंच वाटतं.

आता शेताकडे. होकायंत्र घेऊन पुतण्या आणि मी शेताच्या उत्तरेच्या नाल्यात उतरलो. नाला बराच वेळ पूर्व-ईशान्येला सरळ जातो, मग एकदम काटकोनात वळतो. वळणावर खडक भरडल्यासारखा आहे, त्यात हिरवट चिकणमातीची हातभर पट्टी, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या शिरांचं जाळं. उन्हाळ्याच्या तोंडाला इतरत्र गवत वाळलेलं असताना इथे उंबराची दोन झाडं टवटवीत होती. खडकाचे सांधे मोजले तर दोन ठळक दिशा निघाल्या, एक भ्रंशाला समांतर आणि एक वायव्य-आग्नेय. काकांची बोअर या दुसऱ्या दिशेच्या रेषेवर पडत होती.

चिकणमातीची पट्टी दक्षिणेकडे, म्हणजे शेताकडे, कललेली होती. ती बोअरच्या उत्तरेला सुमारे अडीचशे फुटांवर होती. बोअरला पाणी लागलं 700 फुटांवर. अडीचशे फूट आडवं आणि सातशे फूट उभं, म्हणजे उतार 70 अंशांचा; नाल्यात हाताने मोजलेला कल याच्या जवळपास होता. चुलतभावाची बोअर आणखी दोनशे पावलं, सुमारे पाचशे फूट, दक्षिणेला. त्याच उताराने ती फट त्यांच्या शेताखाली दोन हजार फुटांच्याही खाली असणार. त्यांची बोअर 600 फुटांवर थांबली आहे. ती अखेरपर्यंत काळ्या दगडातच राहिली आणि 180 फुटांच्या आसपासच्या थरातलं, काळ्या दगडाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यातलं पाणी पीत राहिली. काकांची बोअर काळ्या दगडातून फटीला भेदून पलीकडच्या ग्रॅनाइटला टेकली.

मी हे वहीत काढून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे मी शंभर फूट आंधी थांबलो असतो त—" एवढंच म्हणाले.

दोन्ही पाण्यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. चुलतभावाच्या पाण्यात लिटरला 72 मिलिग्रॅम कॅल्शियम, फ्लोराइड 0.6, सामू (pH) 7.6. काकांच्या पाण्यात कॅल्शियम फक्त 8, फ्लोराइड 3.2, सामू 8.9, आणि सोडियम व बायकार्बोनेट भरपूर. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक आहे. घरातलं पाणी त्या शेवटच्या रेषेच्याही दुपटीवर होतं.

या आकड्यांमागे फटच आहे, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रॅनाइटात काळा अभ्रक, हॉर्नब्लेंड, अ‍ॅपेटाइट अशी खनिजं असतात, त्यांच्यात फ्लोराइड असतं. पाणी गरम असलं आणि फटीच्या भिंतींशी वर्षानुवर्षं सलगीत राहिलं की ते सुटतं. पण सुटलेलं फ्लोराइड पाण्यात किती टिकेल हे कॅल्शियम ठरवतं. दोघं एकत्र आले की फ्लोराइट नावाचं खनिज बनून खाली बसतं. जड पाण्यात म्हणून फ्लोराइडला आपोआप लगाम असतो. कॅल्शियम चौथाईवर आलं तर पाण्यात राहू शकणाऱ्या फ्लोराइडची कमाल मर्यादा दुप्पट होते.

आणि कॅल्शियम गेलं कुठे? बांधावरच्या चुऱ्यात. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्साइटचं उलटं आहे, पाणी तापलं की ते बाहेर पडतं. फेल्डस्पार झिजताना पाण्यात सोडियम येतं, सामू चढतो, तसं कॅल्साइट आणखी बाहेर पडून फटीच्या भिंतीवर बसतं. शिवाय, भिंतीवरची चिकणमातीही पाण्यातलं कॅल्शियम धरून सोडियम सोडते. ज्या पांढऱ्या शिरांवर आम्ल फसफसलं ते पाण्यातून हरवलेलं कॅल्शियम होतं. फटीने पाण्याला वाट दिली, पाण्याने फटीत आपलं कॅल्शियम ठेवलं, आणि कॅल्शियम नसलेल्या पाण्यात फ्लोराइड मोकळं झालं. आजींची डाळ लोण्यासारखी शिजत होती ती याच कारणाने. हलकेपणा आणि फ्लोराइड एकाच फटीतून आले होते.

चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत पिवळे पट्टे पडलेले दात आणि न वाकणारे गुडघे मी पाहिले आहेत. तिथेही लोक पाण्याच्या चवीबद्दल तक्रार करत नव्हते. जिभेला हे पाणी वाईट लागत नाही.

पाणी किती खोलवरून येतं, हा प्रश्न पुतण्याने विचारला आणि त्याचं उत्तर काढताना आम्ही जवळजवळ चुकलो होतो. पाण्यातल्या सिलिकावरून खोलीतलं तापमान काढायचं सूत्र आहे: क्वार्ट्झ जितक्या गरम पाण्यात तितकं जास्त विरघळतं, आणि वर येताना सिलिका लगेच खाली बसत नाही. काकांच्या पाण्यात सिलिका 60 मिलिग्रॅम. सूत्रात घातलं तर 110 अंश. पुतण्याचे डोळे चमकले. मी त्याला शेजारच्या थंड पाण्याचा आकडा, 38, त्याच सूत्रात घालायला सांगितला. उत्तर आलं 89 अंश! 28 अंशांच्या पाण्याला सूत्र 89 म्हणत होतं. कारण काळ्या दगडाची काच आणि खनिजं झिजताना थंडीतच भरपूर सिलिका सोडतात. क्वार्ट्झशी तोल साधलेला असेल तरच ते सूत्र लागू. आपल्या दख्खनच्या दगडात या सूत्राचा आंधळा वापर करू नये हे मी त्याच्या वहीत अधोरेखित करून दिलं. कॅल्सेडनीचं, म्हणजे क्वार्ट्झच्याच अतिबारीक कणांच्या प्रकाराचं, सूत्र काकांच्या पाण्याला 81 अंश देतं, तेही वरच्या थंड पाण्याची भेसळ धरली नाही तर. इतर क्षारांशी ताडून बघता खोली दीड-दोन किलोमीटरच्या आसपास असावी, एवढंच मी म्हणते. एक गोष्ट मात्र नक्की: 700 फूट, म्हणजे 213 मीटर, एवढ्या खोलीने पाणी पाच-सहा अंशांनीच गरम होईल. बाकीची ऊब त्याने आणखी खालून आणली आहे.

बागेचं निदान आता सरळ होतं. काळ्या मातीत सोडियम बसलं की तिचे कण सुटे होतात, ओली असताना ती लुकण होते आणि वाळली की दगड. ड्रिपच्या नळीखाली पाण्याचं डबकं साचत होतं, वीतभर खाली माती कोरडी. संत्रा सोडियमला नाजूक झाड आहे. पानांची टोकं त्याने जळतात. चढ्या सामूमुळे मुळांना लोह आणि जस्त मिळेनासं होतं, म्हणून शिरा हिरव्या आणि पान पिवळं. जस्ताची कमतरता सांगणारे चुकीचे नव्हते, फक्त ती पाण्यातून आली होती. बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केल्यावर उरणारा आकडा लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेला की ते पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. हे पाणी त्या रेषेपलीकडे होतं. शेततळ्यात थंड करून देऊ का, असं काकांनी विचारलं. थंड होईल, पण सोडियम तिथेच राहील आणि उन्हाने पाणी उडून उलट वाढेल.

एक गोष्ट मला बागेपेक्षा जास्त छळत होती. खोल फटीतल्या पाण्याला दाब होता. ते नव्वद फुटांपर्यंत चढत होतं. 180 फुटांवरच्या थरातलं गोडं पाणी मात्र खूप उपशामुळे त्याच्या बरंच खाली गेलेलं. बोअरला केसिंग, म्हणजे भोकाच्या आत बसवलेली नळी, फक्त वरच्या मातीपुरतं. म्हणजे पंप बंद असताना खालचं पाणी बोअरमधून चढून गपचूप वरच्या थरात शिरत होतं. एरवी 700 फुटांवरची फट आणि 180 फुटांवरचा थर यांची कधी भेट झाली नसती, मधला काळा दगड घट्ट आहे. बोअरने ती भेट घडवली. साठ पावलांवरच्या पिण्याच्या विहिरीत फ्लोराइड 1.3 निघालं. आधीचा अहवाल नसल्यामुळे किती वाढलं हे सांगता येत नाही, पण शेजारच्या 0.6 शी तुलना केली तर मला झोप येईना. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटर ही खोल विहिरीची रेषा मानली आहे. लोक ती फक्त पाण्याच्या मोजणीची अडचण समजतात. खोल बोअर थरांमधली भिंतही फोडते, हे कोणी समजावत नाही.

उपाय एकच होता आणि तो काकांना सांगायला माझी जीभ रेटत नव्हती: ज्या पाण्यासाठी पेढे वाटले ते बंद करायचं. खालून वर, 640 फुटांपर्यंत, सिमेंट आणि बेंटोनाइट मातीचा गारा पाइपने सोडून फट बुजवायची. वरून ओतून चालत नाही, मधे अडकतो आणि खाली पोकळी राहते. काकांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला, "बुजवून टाका मॅडम. आई अन् पोरं त्याच विहिरीचं पेतेत."

हे काम मे महिन्यात झालं. त्यानंतर बोअरला पाऊण इंच पाणी उरलं, 28 अंशांचं, जड. उरलेल्या पाण्यावर एवढी बाग चालणार नाही म्हणून जुनी, कमकुवत झाडं काढली आणि बाकीच्यांना गवताचं आच्छादन दिलं. पावसाळ्याआधी जिप्सम टाकलं; त्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं आणि पावसाचं पाणी सुटलेलं सोडियम धुऊन खाली नेतं. शेणखत दिलं. नव्या पालवीला टोकं जळालेली नव्हती. पण चोवीस झाडं वाचली नाहीत, आणि मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, त्या वर्षी घेतला नाही.

पिण्यासाठी घरात फिल्टर बसवायचं एका विक्रेत्याने सुचवलं होतं. सक्रिय अ‍ॅल्युमिना, रिव्हर्स ऑस्मोसिस, किंवा नागपूरच्या नीरीने घडवलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत, या सगळ्या फ्लोराइड काढतात. जिथे दुसरं पाणीच नाही तिथे त्या वापराव्याच. इथे मात्र चांगलं पाणी 180 फुटांवर होतंच, त्यात घाण जायची थांबवणं पुरेसं होतं.

आणखी एक शंका उरते आणि ती मी गावासमोर मांडली. त्या फटीत जे पाणी आहे तेच कुठेतरी पुढे कुंडात निघतं. पायथ्याला अशा दहा खोल बोअर झाल्या तर फटीतला दाब घटेल आणि कुंड आटेल किंवा थंड पडेल. देवाचं पाणी शेतात ओढलं असं म्हणणारे आजोबा सभेत होते. मी त्यांना म्हटलं, आजोबा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांनी मान हलवली आणि नाल्यातल्या उंबरांबद्दल माहिती दिली: त्यांच्या लहानपणी तिथे थंडीत सकाळी वाफ दिसायची आणि गुरं तिथलं पाणी पीत नसत. ही माहिती बोअर मारायच्या आधी कोणी विचारली असती तर मला तिथे होकायंत्र न्यावं लागलं नसतं.

आता पुतण्या दर महिन्याला तीन ठिकाणी तापमान आणि सामू नोंदवतो: बुजवलेली बोअर, पिण्याची विहीर, नाल्यातला उंबराखालचा डोह. विहिरीतलं फ्लोराइड पावसाळ्यानंतर 0.9 वर आलं. पावसाने सगळंच पातळ होतं, त्यामुळे एप्रिलचा नमुना येईपर्यंत मी त्यावर काही बोलणार नाही. आजी पुन्हा विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवतात, रात्री भिजत घालून.